सुकतीचा काटा

आमच्या ओटीवर शेजारी शेजारी दोन घड्याळं टांगलेली आहेत. दोन्हींना एकच काटा, आणि किती वाजले ते दोन्ही सांगत नाहीत. पहिलं आमच्या वाघोटन खाडीचं. तबकडीवर वर ‘भरती’ आणि खाली ‘सुकती’ असं मी स्वतः तांबड्या रंगाने लिहिलंय. सुकती म्हणजे ओहोटी; घाटावरच्या पाहुण्यांना हे दर वेळी सांगावं लागतं. काटा वर आला की खाडी भरली, खाली आला की होड्या चिखलात बसल्या. दुसरं घड्याळ दिसायला तसंच आहे, पण ते ज्या पाण्याचं आहे ते इथून जवळजवळ दीडशे कोटी किलोमीटरवर, शनीच्या एका चंद्राच्या पोटात आहे. त्या चंद्राचं नाव एन्सेलॅडस. माझी मुलगी शलाका तिथे कामाला आहे.

लोक शनीची साडेसाती टळावी म्हणून मारुतीला तेल घालतात. माझी पोरगी आपण होऊन त्याच्या दारात जाऊन राहिली.

मी कुंदा सारंग. बंदर खात्यात एकतीस वर्षं भरती मोजली. जेटीच्या खांबाला रंगवलेली काठी असते, तिच्यावर पाणी कुठे आलं ते बघायचं आणि वहीत वेळ टाकून लिहायचं. यंत्रं आली, उपग्रह आले, तरी खात्याचा नियम होता की माणसाने दिवसातून चारदा काठी बघायचीच. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात म्हणून खलाशांसाठी भरतीची घड्याळं करून विकायला लागले. साधं बारा तासांचं यंत्र आणायचं, दात्यांची चाकं बदलायची, काटा खाडीच्या चालीने फिरायला लागतो. अर्थात तंतोतंत नाही. खाडी काही यंत्राची बांधील नाही. दोन आठवड्यांत काटा थोडा मागेपुढे होतोच. म्हणून प्रत्येक घड्याळाच्या पाठीला मी एक छापील चिठ्ठी डकवते: ‘दर पौर्णिमेला काटा जुळवावा.’ पौर्णिमेची भरती आमच्याकडे किती वाजता येते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या वेळी काटा वर आणून ठेवायचा, की पुढच्या पौर्णिमेपर्यंत काळजी नाही.

शलाका नऊ वर्षांची असताना एकदा मला ताप भरला होता, म्हणून तिला काठी बघायला जेटीवर पाठवलं. ती मैत्रिणीकडे सागरगोटे खेळत बसली आणि छापील कोष्टकातले आकडे वहीत उतरवून घरी आली. मी वही बघितल्याबरोबर ओळखलं, कारण आदल्या दिवसापासून दक्षिणेचा वारा सुटला होता आणि पाणी कोष्टकापेक्षा वीतभर जास्त चढलेलं मला अंथरुणातून दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ताप अंगात असतानाच तिला जेटीच्या खालच्या पायरीवर बसवलं. पाय पाण्यात. सुकती लागून पुन्हा पाणी वळेपर्यंत उठायचं नाही. ‘कोष्टक छापणाऱ्याला काल वारा सुटणार हे माहीत नव्हतं,’ मी तिला म्हटलं, ‘काठी बघ, पाणी बघ, मग लिही.’ सहा तास बसली. नंतर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

मोठी झाली आणि बर्फाच्या भेगांचा अभ्यास करायला लागली. एन्सेलॅडसचं प्रकरण तिने मला स्वयंपाकघरात कणकेच्या गोळ्यावर समजावून सांगितलं होतं. बाहेरून बर्फाचं जाड कवच, आत खारट समुद्र. शनीभोवतीची त्याची वाट पुरती गोल नाही, किंचित लांबट आहे. जवळ आला की शनी जास्त ओढतो, लांब गेला की कमी. त्यामुळे प्रत्येक फेरीत आख्खा चंद्र एकदा दाबला जातो आणि एकदा सैल पडतो. तिने गोळा दोन्ही तळव्यांत धरून दाबला, सोडला, दाबला, सोडला. वाट कधीच गोल का होत नाही, तर डायोनी नावाचा दुसरा मोठा चंद्र त्याला दर दोन फेऱ्यांनी त्याच ठिकाणी हिसका देतो. म्हणजे हे मळणं थांबणारं नाही. एक फेरी बत्तीस तास त्रेपन्न मिनिटांची.

बर्फ काही कणीक नाही. तो सोसतो तोवर सोसतो आणि मग तडकतो. दक्षिण ध्रुवावर अशा मोठाल्या भेगा आहेत. चंद्र शनीपासून लांब असला की त्या उघडतात आणि आतल्या समुद्राची वाफ, बर्फाचे कण घेऊन, झोताने बाहेर पडते. जवळ आला की भेगा मिटतात. ‘म्हणजे भरती आणि सुकतीच की,’ मी म्हटलं. ‘तेच म्हणतेय,’ शलाका म्हणाली. जुन्या भेगांचं ठीक आहे, त्यांच्या जागा माहीत आहेत. पण कधी कधी नवा तडा जातो. तो काच फुटल्यासारखा एका क्षणात जात नाही, माणसाच्या चालीने जातो, तासाला तीन-चार किलोमीटर. ओढीची दिशा फेरीभर फिरत असते, म्हणून तडाही वळत वळत जातो. ताण उतरला की थांबतो, पुढच्या फेरीला पुन्हा निघतो. चालत येणारी भेग ही कल्पना मला तेव्हापासून आवडली नाही.

ती जाणार हे कळल्यावर मी दोन महिने तिच्याशी धड बोलले नाही. जाऊन-येऊन नऊ वर्षं. शेवटी तोंडाने बोलणं जमेना म्हणून मी घड्याळ करायला घेतलं. बारा तासांच्या यंत्राला सोळा आणि चव्वेचाळीस दात्यांची दोन चाकं लावली की काटा तेहतीस तासांत एक फेरा पुरा करतो. खऱ्या फेरीपेक्षा सात मिनिटं जास्त. ती सात मिनिटं काढायची तर आणखी चार चाकं कातावी लागली असती. मी म्हटलं, सात मिनिटांनी काय होतं, पौर्णिमेला जुळवतोच की आपण. अगदी याच शब्दांत मी विचार केला, आणि तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

सारखी दोन घड्याळं केली. एक तिला, एक मला. पुण्याच्या मोहीम केंद्राने वैयक्तिक वस्तूंचा अर्ज दिला होता. वेळ दाखवणारी कुठलीही वस्तू नेली तर तिची तीन महिने तपासणी होणार होती, आणि यान सुटायला सहा आठवडे उरले होते. मी अर्जात लिहिलं, ‘शोभेची वस्तू, भिंतीवरची’. शलाकाने वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. दोन महिन्यांनी पहिल्यांदा हसली होती, मी कशाला काही बोलू?

यान उतरलं त्या दिवशी तिने तळावरच्या पंचांगाला जुळवून तिचा काटा सुरू केला आणि तिने कळवलेल्या वेळेनुसार मी माझा. तिथे भेगा उघडण्या-मिटण्याच्या वेळापत्रकाला सगळे पंचांगच म्हणतात. हा शब्दही शलाकानेच रुळवला. कुटुंबाला आठवड्यातून एक निरोप यायचा. पहिल्याच निरोपात ती म्हणाली, ‘आई, घड्याळामागची चिठ्ठी वाचून स्टानझिन अर्धा तास हसत होता. इथे पौर्णिमा कुठली?’ स्टानझिन हा तिचा जोडीदार, लडाखचा, जन्मच बर्फात गेलेला. मीसुद्धा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तो निरोप आमच्या ह्यांना दोनदा ऐकवला.

त्यानंतर सहा महिने मी रोज त्या काट्याकडे बघत होते. खाली असला की म्हणायचं, मिटल्या भेगा, आता पोर निर्धास्त बाहेर फिरत असेल. वर असला की म्हणायचं, आता तळावर चहा पीत असेल. चहा गोड लागायचा मला.

त्या मंगळवारी सकाळी नऊ चाळीसला केंद्रातून फोन आला. पडद्यावर मृणाल खोत होत्या, त्या पाळीच्या प्रमुख. वयाने शलाकाएवढ्याच, पण मी त्यांना मॅडमच म्हणते.

‘काकू, घाबरायचं काही नाही,’ त्या म्हणाल्या, आणि मी घाबरले. ‘शलाका आणि स्टानझिन तळापासून सहा किलोमीटरवर मोजणीला गेले होते. मागे एक नवी भेग पडलीय. ती गाडीच्या खालूनच गेली, गाडी बंद पडली. दोघंही सुखरूप आहेत. त्यांच्याकडे लहान संदेशयंत्र आहे, ते तळाशी नाही, थेट आपल्याशी जोडलेलं; त्यावर मोजके शब्द पाठवता येतात. वाचून दाखवते.’

मी वही ओढली. सवयच ती.

‘नवी भेग तळाच्या आणि आमच्या मध्ये. गाडी बंद. दोघं ठीक. हवा चोवीस तास. काटा सुकतीवर आला की ओलांडतो.’

तिकडून इकडे यायला शब्दांना एक तास वीस मिनिटं लागतात. हा संदेश सात पन्नासला निघाला होता.

‘ओलांडणं अवघड आहे का?’ मी विचारलं.

‘भेग मिटलेली असली तर नाही. तिथे माणसाचं वजन पोशाखासकट दोन नारळांएवढं भरतं. साधं पाऊल जोरात टाकलं तरी अर्धं मिनिट अधांतरी. तेवढ्यात खालून वाफेचा झोत आला तर...’ त्यांनी वाक्य बदललं. ‘म्हणून तर मिटेपर्यंत थांबायचं. शलाकाची भाषा आम्हाला पाठ झालीय, सुकती म्हणजे भेग मिटलेली. पंचांगाप्रमाणे उद्या पहाटे पाच त्रेचाळीसला मिटेल. मग तळापर्यंत दीड तास. हवा बेताची आहे पण पुरते.’

फोन ठेवल्यावर मी मान वर केली. दुसऱ्या घड्याळाचा काटा सुकतीच्या अक्षरांपासून बोटभर वर होता. तीन तासांत टेकणार.

माझं घड्याळ बिघडलं असं आधी मनात आलं. मग लक्षात आलं, दोन्ही घड्याळं एकाच हाताने केलेली, एकाच दिवशी सुरू केलेली. माझं जे दाखवतंय तेच तिचं दाखवणार. आणि ती काटा म्हणाली होती. केंद्राच्या पंचांगाला आकडे असतात, काटा नसतो.

पाटीवर हिशोब मांडला. एका फेरीला सात मिनिटं मागे, आणि काटा एकदाही जुळवलेला नाही. उतरल्याला एकशे नव्वद दिवस, म्हणजे एकशे अडतीस फेऱ्या. सात गुणिले एकशे अडतीस, सोळा तास. सोळा तास म्हणजे अर्धी फेरी. घड्याळ थोडंथोडकं चुकलं नव्हतं, ते पुरतं उलटं झालं होतं. काटा सुकती म्हणेल तेव्हा भेग जवळजवळ पूर्ण उघडलेली असेल.

आमचे हे, मधुकर सारंग, जन्मभर लाँच हाकणारे तांडेल होते. त्यांनी पाटी हातातून घेतली.

‘हिशोब चुकलो आसात तुझो. परत कर.’

‘चुकलेलो नाय.’

‘परत कर म्हणतंय मी.’

मी परत केला. त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. उत्तर तेच आलं. पाच मिनिटं गेली. काटा बारा पन्नासला टेकणार, त्याआधी एक तास वीस मिनिटं शब्द निघायला हवेत, म्हणजे साडेअकराच्या आत. मी केंद्राला फोन लावला. कुटुंबांच्या ओळीवर संगीत वाजत राहिलं. दहा एकोणतीसला खोत मॅडम आल्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ‘काकू, पोशाखाच्या मनगटावरही पंचांगाची पट्टी असते. गाडी बंद पडली तरी ती चालते असं आमची नोंद म्हणते.’

‘त्या पट्टीला काटा असतो?’

‘नाही.’

‘मग ती काटा का म्हणाली?’

‘बोलण्याची पद्धत असेल. काकू, त्या तळावर असं कुठलं घड्याळच नाही. वेळ दाखवणाऱ्या वस्तूंची यादी माझ्या समोर आहे. आणि ओलांडणी ठरवायचा अधिकार तिथल्या माणसाचा असतो. मी इथून उलटं काही पाठवलं आणि ऐन वेळी त्यांचा गोंधळ उडाला तर?’

शलाकाने दुसऱ्या तुकडीबरोबर आणखी दोन वर्षं राहायचा अर्ज केला होता. पुढची आख्खी मोहीम तिच्या हातात येईल असं बोललं जात होतं. तिथल्या नियमात खोट्या नोंदीला माफी नाही. ज्याची सही, तो कायमचा जमिनीवर. सही तिची होती. मी किती वेळ गप्प राहिले ते वहीत लिहिलेलं नाही.

ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘सांग त्यांका. नोकरी गेली तर गेली. चेडू ऱ्हवात.’ पोरगी वाचेल, एवढंच त्यांना दिसत होतं.

‘मॅडम,’ मी म्हटलं, ‘ते दुसऱ्या यादीत आहे. शोभेच्या वस्तूंत. मी लिहिलं तसं. ते घड्याळच आहे, आणि ते मी चुकीचं केलंय.’

पडद्यावर त्या बोटाने यादी सरकवत होत्या. थांबल्या. मग उठून गेल्या. रिकामी खुर्ची मी जवळजवळ तासभर बघत होते. संचालकांना गाठायचं, त्यांना पटवायचं, पोशाखाच्या पट्ट्यांची जुनी नोंद काढायची. त्या पट्ट्यांना वेळ गाडीच्या यंत्राकडूनच मिळते हे त्यातच निघालं. गाडी गेली तेव्हा पट्ट्याही गेल्या होत्या. माझं घड्याळ मात्र चावीचं, त्याला कुणाची गरज नव्हती. शलाकाने ते सोबत नेलं होतं, इतकं विश्वासाचं वाटत होतं तिला; मनगटावर पट्टी असताना त्याचा काटा ताडून बघायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

अकरा अडतीसला खोत मॅडमनी शब्द पाठवले: ‘काटा उलटा. ओलांडू नका. हा संदेश मिळाल्यापासून पावणेसतरा तासांनी भेग मिटेल.’

आठ मिनिटं उशीर झाला होता. पाच पाटीवर गेली होती, बाकीची माझ्या गप्प बसण्यात असतील.

मग काही करण्यासारखं उरलं नाही. प्रकाशाच्या मागे धावून त्याला पुढे ढकलता येत नाही. मी भात टाकला आणि तो करपला. हे ओटीवरच्या झोपाळ्यावर बसले होते, झोपाळा हलत नव्हता. बाराच्या पुढे त्यांनी उठून घड्याळ भिंतीवरून काढायला हात लावला.

‘राहू दे,’ मी म्हटलं. ‘तिच्यासमोर आहे, तर माझ्यासमोरही असू दे.’

बारा पन्नासला काटा सुकतीला टेकला. आमच्या खाडीतही त्या वेळी पाणी उतरतच होतं, चिखलावर बगळे आले होते. बारा अठ्ठावन्नला आमचे शब्द तिच्यापर्यंत पोचणार होते. मधली आठ मिनिटं मी उभी राहून काढली. अर्धं मिनिट अधांतरी, असं खोत मॅडम म्हणाल्या होत्या. आठ मिनिटांत अशी सोळा अर्धी मिनिटं असतात. चीड येत होती ती स्वतःची. एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आले की काठी बघा, आणि सहा महिने भिंतीकडे बघून मुलीची ख्यालीखुशाली ठरवत होते.

आमचा संदेश वाचून तिने लगेच उत्तर दिलं, तर ते दोन अठराला येईल. मी तसं वहीत लिहून ठेवलं.

दोन वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

तेरा मिनिटं आधी. म्हणजे आमच्या शब्दांचं हे उत्तर असणं शक्य नव्हतं. हे काहीतरी आधीच घडलेलं होतं. ह्यांनी फोन उचलला आणि तसाच माझ्या हातात दिला.

खोत मॅडमनी नमस्कार-चमत्कार केला नाही, सरळ वाचलं. ‘काटा सुकतीवर येतोय. काठावर काठी आडवी टाकली, पाऊण तास मोजली. फट वाढतेय. काटा खोटा, काठी खरी. थांबतो.’

तो संदेश तिकडून बारा पंचेचाळीसला निघाला होता. ओलांडायची वेळ यायला पाच मिनिटं असताना, आणि आमचा सावधगिरीचा निरोप अजून वाटेतच असताना. तिथे दक्षिण ध्रुवावर तेव्हा हिवाळ्याचा अंधार होता. वाफ डोळ्यांना दिसत नव्हती, हवा घटत होती आणि आईचं घड्याळ सांगत होतं की जा. तरी तिने मोजणीची काठी भेगेवर आडवी टाकली, टोकाला खूण केली आणि दर पाच मिनिटांनी दिव्याच्या उजेडात वाकून ती खूण बघितली.

मी ओटीवर खाली बसले आणि रडले. हे झोपाळ्यावरून उठले, आत गेले आणि करपलेला भात ताटात वाढून घेऊन आले. आम्ही दोघांनी तो खाल्ला.

आता प्रश्न फक्त हवेचा. पुढचे अठरा तास कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. पहाटे पाच त्रेचाळीसला मी जेटीवर होते, का ते मला माहीत नाही. सकाळी आठ पस्तीसला खोत मॅडमचा फोन आला तेव्हा त्यांचे केस विस्कटलेले होते. पाळी संपूनही त्या घरी गेल्या नव्हत्या.

‘तळावर. दोघं. हवा अठरा मिनिटं उरली होती,’ त्यांनी वाचलं, आणि पुढे, ‘आईला सांगा, पौर्णिमा चुकली.’

‘मॅडम,’ मी म्हटलं, ‘भेग पुन्हा नेमकी कधी मिटणार ते सांगता? माझा काटा लावून घेते.’

चौकशी झाली. माझा जबाब घेतला, अर्जाची प्रत माझ्यापुढे ठेवली आणि हे अक्षर तुमचंच का म्हणून विचारलं. माझंच. शलाकाचा दुसऱ्या तुकडीचा अर्ज नामंजूर झाला. परतल्यावर ती पुन्हा कुठे जाणार नाही. तिला नऊ वर्षांसाठी जाऊ द्यायला मी तयार नव्हते, आणि आता ती जन्मभर माझ्याजवळच्या जमिनीवर राहणार, तर मला त्याचा आनंद होत नाही. नियम बदलला तो एवढाच, की ते घड्याळ आता तिथल्या वेळ दाखवणाऱ्या वस्तूंच्या यादीत आहे, आणि आमच्या पौर्णिमेच्या दिवशी केंद्रातून खरी वेळ कळवली जाते. खोत मॅडम त्या दिवशी मलाही फोन करतात.

शलाकाचा मोठा निरोप आला तो पुढच्या आठवड्यात. डोळे खोल गेले होते, गालावर पोशाखाचा वळ होता. स्टानझिन मागे चहा करत होता. घड्याळाबद्दल ती एक शब्द बोलली नाही, अर्जाबद्दलही नाही. बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली, करपल्या भाताचं तिला कुणीतरी सांगितलं होतं त्यावर हसली. शेवटी पडद्याच्या जवळ आली.

‘आई, तू मला त्या दिवशी पायरीवर सहा तास बसवलंस ना, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तिथे काठीजवळ वाकले होते तेव्हासुद्धा आला होता.’

मी उत्तरात सांगितलं, राग असू दे. आणि पौर्णिमा शुक्रवारी आहे, काटा जुळवून घे.